सतरा नंबरची हजेरी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गळ्यात पडलंच शेवटी! गाववाल्यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीकाकांचा फोन – भर दुपारी, ऑफिसात, मी 'मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड' यातला स्वल्पविराम तपासत होते तेव्हा. यंदा गावच्या हजेरीला ऐंशी वर्षं, काहीतरी नवीन हवं, कार्यक्रम तू लिहून दे, तू लेखिका ना. 'लेखिका' म्हणायच्या आधी ते जरा थांबतात. मी वजन कमी करतेय असं आई सांगते तेव्हा लोक थांबतात, तसं.

हो म्हटलं. का म्हटलं? चार महिन्यांत एक धड ओळ नाही. दिवसभर औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचून माझी वाक्यंही 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' छाप झालीत.

५ ऑक्टोबर, रविवार

मंडळाच्या हॉलवर गेले. खाली टायरचं दुकान, त्यामुळे आमच्या इतिहासाला कायम रबराचा वास. काकांनी जुना कार्यक्रम हातात ठेवला. अकरा पानं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स – अक्षरांना मिशा फुटल्यात.

लहानपणापासून ऐकून ऐकून ते सगळं गुळगुळीत झालंय. एकदा स्वतःसाठी सरळ लिहून काढते.

लढाईचं शेवटचं वर्ष. बादशहाची फौज आमच्या लोकांच्या गावात तळ ठोकून. रोज सकाळी उजाडायच्या सुमारास बारा वर्षांवरचे सगळे पुरुष शाळेच्या लांब भिंतीकडे तोंड करून उभे. मागे हजेरी. आमची नावं साहेबाला म्हणता येईनात, म्हणून वहीत नंबर आणि धंदा. वही वाचायला गावातलाच एक शिकलेला माणूस धरला – तो दुभाषा. एकेचाळीस जण डोंगरात पळाले, फौजेचे पूल तोडायला. आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची हजेरी लावली! सगळे पाठमोरे, उजेड अर्धवट, साहेब लांब खुर्चीत पेंगतोय. एकानेच दोनदा 'हजर' म्हणायचं, दुसऱ्यांदा जरा आवाज बदलून. अकरा दिवस खपलं. बाराव्या दिवशी सतरा नंबर – गवंडी. कोणीच बोललं नाही. दुभाष्याने एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं, तीनदा पुकारलं. साहेब जागा झाला. गवंड्याची बायको आणि म्हातारे वडील, दोघांना त्याच भिंतीशी गोळ्या घातल्या. त्या रात्री बाकीचे चाळीस जण गुपचूप परत येऊन सकाळी रांगेत उभे राहिले, म्हणून गाव वाचलं. गवंडी मात्र परत आलाच नाही.

मग लढाई संपली, गाव उठलं, आणि आम्ही सगळे इकडे.

इकडे मंडळ काढून चाळीस वर्षं झाली, दर वर्षी हॉलमध्ये आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहतो. एकजण दुभाषा होतो आणि त्या एकेचाळिसांची यादी पुकारतो. नियम एकच – आपल्या घरच्या माणसाला आपण 'हजर' म्हणायचं नाही, दुसऱ्या घराने म्हणायचं. माझे पणजोबा सोळा नंबर, गिरणीवाला. त्यांच्यासाठी शिंप्याचा नातू बोलतो. आमच्याकडे सतरा, कारण गवंड्याचं मागे कोणी उरलं नाही. सतरा नंबर पुकारला की हॉल गप्प. दुसऱ्यांदा – गप्प. तिसऱ्यांदा माझे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ, खणखणीत आवाजात म्हणतात, 'हजर.' टाळ्या. शेवटी पोरं दुभाष्याची हुर्यो उडवतात – साहेबाकडे चुगली त्यानेच केली म्हणून. मीही उडवलीय. कागदाचे बोळे फेकलेत.

फौज सहाला उभं करायची. आम्ही अकराला जमतो, चहा झाल्यावर.

८ ऑक्टोबर, बुधवार

सुचलं! दुभाष्याचं स्वगत. चाळीस वर्षं त्याला फक्त नंबर वाचायला देतायत. त्याला बोलू दे. गद्दार माणूस सकाळी दाढी करताना आरशात काय बघत असेल? ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभं राहून फोनवर दीड पान लिहिलं. मॅडम दारावर टकटक करून गेल्या.

संध्याकाळी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला बोलायला दिलं की तो बरा वाटायला लागेल. मग आपण काय करायचं?"

वर आणखी एक काम चिकटवलं. दुभाषा व्हायला यंदा कोणीच तयार नाही. पाच वर्षं काका स्वतः झाले, तर घरी नात दोन-दोन दिवस मांडीवर येत नाही. "तूच हो आता. तुझी कुठे नातवंडं आहेत."

११ ऑक्टोबर, शनिवार

दुभाष्याची नात याच शहरात आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तिचं चष्म्याचं दुकान. मंडळातले लोक तिच्या दुकानावरून चालत जाऊन दोन गल्ल्या पलीकडे महागडा चष्मा घेतात.

आज गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून म्हटलं डोळे तपासायचेत. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल. केस कापलेले, हात गार. माझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवली आणि शांतपणे म्हणाली, "मंडळाकडून आलीस ना? कानाची ठेवण गिरणीवाल्यांची आहे. खालची ओळ वाच."

मी खालची ओळ वाचली. मग माझं स्वगत, लेखन, प्रयोग वगैरे बडबडले. ती भिंगं बदलत राहिली – हे स्पष्ट की हे? हे की हे? माझं संपल्यावर म्हणाली, आजोबा घरात या विषयावर बोलत नसत. एकच वाक्य होतं त्यांचं. मी वहीतलं वाचलं, दुसरं काही सांगितलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेव.

आणि मग, मी पैसे काढत असताना, सहज सांगावं तसं: ती सात वर्षांची होती. पहिल्या हजेरीला तिच्या आईने तिला नवा फ्रॉक घालून हॉलच्या जिन्यापर्यंत नेलं होतं. आई म्हणत होती, आपणही त्याच गावचे. जिन्यातूनच परत पाठवलं. तेव्हाचे सेक्रेटरी वरच्या पायरीवर उभे होते, हात आडवा धरून.

तिला बहुतेक माहीत नसावं. किंवा असावंही. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणजे आमचे धाकटे आजोबा.

"मी कुणाच्या दारात गेलेले नाही त्यानंतर," ती म्हणाली. "आई मात्र जाईपर्यंत विचारायची, बोलावणं आलं का."

१२ ऑक्टोबर, रविवार

डोळे उत्तम आहेत म्हणे. मग दीड पान आज इतकं वाईट का दिसतंय?

१५ ऑक्टोबर, बुधवार

बाबांना फोन. जिन्याचं विचारलं. ते म्हणाले असेल, तेव्हा लोकांच्या जखमा ओल्या होत्या. मी म्हटलं, सात वर्षांच्या मुलीने कुठली जखम केली होती? ते म्हणाले, तुला रिकामपण फार. मग आईने फोन घेतला आणि मी जेवले का ते विचारलं. आमच्या घरात भांडण मिटत नाही, त्याच्यावर ताट झाकतात.

ऑफिसात एक चूक सुटली. 'दिवसातून दोनदा' ऐवजी 'दोन दिवसातून'. मॅडमनी नुसता कागद माझ्यासमोर ठेवला. माणूस मरू शकतो अशाने. एका शब्दाने.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरी. धाकट्या आजोबांची मागची खोली – रेडिओ, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा, खिडकीत वाळत घातलेले मोजे. त्र्याण्णव पूर्ण. गावाच्या रांगेत उभे राहिलेल्यांपैकी आता तेवढे एकटेच उरलेत, म्हणून मंडळात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मी विचारलं, आजोबा, पहिल्या वर्षी तुम्ही दुभाष्याच्या लेकीला आणि नातीला जिन्यातून परत पाठवलंत?

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात घातली. विषय संपला! पुढे अर्धा तास मी त्यांच्याशी आणि ते खिडकीशी बोलत होतो.

निघताना आई म्हणाली, त्यांना त्रास देऊ नकोस, काल रात्रीपासून पोट बिघडलंय. मी म्हटलं, मी आज सकाळी आलेय.

२० ऑक्टोबर, सोमवार

लिहिणं शून्य. नखं खाऊन संपली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

त्यांनी स्वतः फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. "ये," एवढंच. आणि ठेवला.

गेले. दार लावून घ्यायला लावलं. यंत्र कानात होतं.

त्यांचेच शब्द जमतील तसे लिहिते, माझी कारागिरी नको. तेव्हा ते तेरा वर्षांचे. आवाज फुटत होता – कधी पुरुषी निघायचा, कधी पोरासारखा चिरका. गवंड्यासाठी 'हजर' म्हणायचं काम त्यांच्याकडे होतं. अकरा दिवस त्यांनी बिनचूक केलं. त्यांच्या वडिलांना, म्हणजे सोळा नंबरला, शिंपी बोलायचा. बाराव्या सकाळी शिंपी तापाने फणफणलेला, रांगेत आलाच नाही; त्याचा स्वतःचा नंबर खूप पुढे होता. कोणी कोणाला सांगितलं नाही. सोळा पुकारला. कोणी बोलेना. मग हेच बोलले, बापासाठी, होता नव्हता तेवढा जाड आवाज काढून.

"आणि लगेच सतरा," ते म्हणाले. "लगेच गं. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा वेळ नाही."

मी म्हटलं, तोच आवाज लागोपाठ दोनदा आला असता तर पकडलं असतं त्यांनी. तुम्ही काय करणार होतात?

"दुसरा होता ना माझ्याकडे. चिरका. तो काढता आला असता." यंत्राची डबी उघडली, मिटली. "नाही काढला. तीनदा पुकारलं तरी नाही काढला. भिंतीत एक खिळा होता, त्याच्याकडे बघत होतो."

मग उरलेलं मीच एकेक करून काढून घेतलं. चुगली झाली असणार असं गावाने ठरवलं. कारण कोणी मुद्दाम गप्प बसलं असेल हे कोणाच्या मनातच येईना. दुभाष्याचं नाव आपोआप पुढे आलं. तेरा वर्षांचा पोरगा ऐकत उभा होता. इकडे येऊन मंडळ काढलं तेव्हा सतरा नंबर त्यांनीच मागून घेतला. आणि तो नियम! आपल्या माणसाला आपण बोलायचं नाही – मी समजत होते तो गावचा आहे, जुना आहे, फौजेची घरच्यांवर नजर असायची म्हणून. गावात असलं काही नव्हतंच. ज्याला जमेल तो बोलायचा. नियम यांनी घातलाय. चाळीस वर्षं अख्खं मंडळ यांच्या शिक्षेत उभं आहे आणि कुणाला पत्ता नाही.

जिना?

"ती पोरगी दिसली असती तर सतराला माझ्या तोंडून आवाज निघाला नसता."

मी विचारलं, लिहू? ते म्हणाले, मी गेल्यावर लिही. मग काय वाटलं कोण जाणे, माझा हात धरून म्हणाले, फार दिवस नाही लावणार मी.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बाबांना सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं – चेहऱ्यावरून तरी. आधी म्हणाले, म्हातारपणी माणसाला भलतंच आठवतं. मग म्हणाले, समजा खरं असेल, तर तेरा वर्षांचं पोर होतं ते. मी म्हटलं, मान्य. पण दुसरी एक सात वर्षांची होती.

"त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांना पुन्हा भिंतीशी उभं करणार आहेस?"

आजोबा जाईपर्यंत थांबायचं म्हणजे काय – रोज सकाळी उठून त्यांच्या तब्येतीची चौकशी करायची आणि मनात हिशेब वेगळाच? आणि चष्मेवालीने किती थांबायचं? तिची आई थांबून थांबून गेली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कार्यक्रम दिला काकांना. स्वगत काढून टाकलं. खरं ते घातलं नाही, आणि खोटं घालवेना. राहिलं काय – सुरुवातीला चार ओळी आणि यादी. काका खूश. "सुटसुटीत झालंय! तुझं मागचं काही कळत नव्हतं."

म्हणजे आता आजोबाही गप्प, मीही गप्प. घराण्याची परंपरा चालवतेय. कौतुक करा कोणीतरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चष्म्याच्या दुकानासमोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा पलीकडच्या फुटपाथने.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. यादी पाठ झालीय. सतराला येऊन दर वेळी अडखळते.

२ नोव्हेंबर, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर वाचता येईल का माहीत नाही.

हॉल भरलेला. ऐंशीवं म्हणून फुलं, बॅनर, नवीन माइक. खाली टायरवाल्याने आजच्यापुरती हवा भरायची मशीन बंद ठेवली होती. चहा झाला. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आजोबांसाठी खुर्ची ठेवली होती, ते बसले नाहीत. बाबा शेजारी, कोपराला धरून. मी एकटी सगळ्यांच्या मागे, हातात वही, समोर नुसत्या पाठी.

एक, लोहार. हजर. दोन, कुंभार. हजर. सुरळीत चाललं. सोळा, गिरणीवाला. शिंप्याच्या नातवाने 'हजर' म्हटलं, घसा खाकरून, दर वर्षीसारखं.

सतरा, गवंडी.

गप्प. ठरल्याप्रमाणे.

सतरा, गवंडी.

गप्प. ठरल्याप्रमाणे. तिसऱ्यांदा पुकारायच्या आधी मी थांबले. जरा जास्तच थांबले असणार, काकांनी मान वळवली. मग पुकारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना – पुकारल्यासारखा नव्हता, कोणाचे तरी पाय धरल्यासारखा होता.

काही नाही.

कोणीतरी खोकलं. बाबांनी आजोबांचं कोपर हलवलं. आणि आजोबा वळले. भिंतीकडे पाठ करून, माझ्याकडे बघत. चाळीस वर्षांत कोणी वळलेलं नाही.

"सतरा नंबर गैरहजर," ते म्हणाले. "त्याचं मी बोलायचं होतं. मी सोळाला बोललो, माझ्या बापासाठी. सतराला गप्प बसलो. चुगली कोणी केली नाही."

माइक नव्हता त्यांच्याकडे. गरजही नव्हती.

एकेक करून सगळे वळले. कोणाला काय करायचं कळेना. तेवढ्यात काका दबक्या आवाजात मला म्हणाले, "अठरा घे. अठरा घे गं." आणि मी घेतला! काय करणार? अठरा, सुतार. खूप वेळाने कुठूनतरी हजर आलं. लोक परत भिंतीकडे वळले, घाईघाईने, जणू सुटकाच झाली. एकेचाळीसपर्यंत गेले. शेवटी हुर्यो झाली नाही. पोरं हातातले बोळे घेऊन तशीच उभी.

नंतर जिन्यात, खुर्च्या उचलताना, हात धुताना तुकडे कानावर येत होते. वय झालं हो. मध्यंतरी पोटही बिघडलं होतं म्हणे. या वयात असा घोळ होतोच. आमच्या सासऱ्यांना तर शेवटी बायको ओळखू येत नव्हती. चाळीस वर्षं ज्यांचा शब्द दगडावरची रेघ होता, ते अर्ध्या तासात भ्रमिष्ट! एका घराला माफ करण्यापेक्षा एका म्हाताऱ्याला वेडं ठरवणं सोपं पडलं.

मी भांडले. म्हटलं ते खरं बोलतायत, मला आधीच सांगितलंय त्यांनी, सगळं लिहून ठेवलंय. त्यावर शिंप्याचा नातू माझ्याशी अगदी प्रेमाने बोलला. "धरलं, की आजोबा गप्प बसले. पण मग दुभाष्याने तीनदा कशाला पुकारलं? एकदा पुकारून पुढे गेला असता. साहेब झोपलेला होता. तीनदा पुकारणं म्हणजे बोट दाखवणंच ना?"

यावर मला काही बोलता आलं नाही. सगळ्यांनी बघितलं, की हिला काही बोलता आलं नाही.

आजोबा गाडीत झोपले. तोंड उघडं. आईने त्यांच्या मांडीवर तिची शाल टाकली.

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

रजा टाकली.

काल समोर नुसत्या पाठी होत्या. एक चेहरा दिसत नव्हता. तरी प्रत्येक 'हजर' कोणाचा ते मला कळत होतं – आणि मी या लोकांना वर्षातून एकदा भेटते. दुभाषा तर त्यांच्यातच जन्मला होता. सोळाला शिंपी बोलतोय आणि सतराला गिरणीवाल्याचा पोरगा, हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं असणार. एकेचाळीस खोटे आवाज, अकरा दिवस. सगळे ओळखून तो वहीत खूण करत गेला – हजर, हजर, हजर.

आणि बाराव्या दिवशी पुढे गेला नाही. थांबला. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. कोणीतरी बोला म्हणून.

चष्म्याचं दुकान दहाला उघडतं. निघते.